ब्रिजच्या मराठी पुस्तिकेतील ♠ ♥ ♦ ♣ : अक्षरजुळणीच्या प्रकल्प नोंदी

४ जून २०२५

कॉन्ट्रॅक्ट ब्रिज शिकू इच्छिणाऱ्या ज्येष्ठ मंडळींसाठी मराठीतून जी पुस्तिका तयार होत आहे, तिच्या अक्षरजुळणीचे काम आजपासून सुरू केले. मजकूर मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये जुळवला जाईल, एक सहकारी लिनक्सवर लिबरऑफिस रायटर वापरून काही प्रकरणे करतील, आणि शेवटी छपाईसाठी पीडीएफ व फोनवर वाचण्यासाठी वेगळी प्रत अशा दोन आवृत्त्या निघतील. मजकूर जेमतेम शंभर पानांचा असला तरी त्यात इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर यांची चिन्हे जवळजवळ प्रत्येक ओळीत येतात. एका बोलीच्या (अंक आणि चिन्ह मिळून खेळाडू करतो त्या घोषणेच्या) तक्त्यात ती दहा-बारा वेळा येतात, आणि चारही हात दाखवणाऱ्या प्रत्येक आकृतीत सोळा वेळा.

म्हणून कामाच्या आरंभीच एक तत्त्व ठरवून घेतले, आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्याशी ताडून पाहायचा आहे. चिन्ह हे चित्र नाही आणि फॉन्टची सजावटही नाही. ते मजकुरातील एक अक्षर आहे, आणि ‘क’ किंवा ‘७’ यांच्याप्रमाणेच त्याला स्वतःची ओळख असली पाहिजे. फॉन्ट बदलला, फाइल दुसऱ्या संगणकावर गेली, मजकूर उतरवून दुसरीकडे चिकटवला, तरी इस्पिक हे इस्पिकच राहिले पाहिजे. ब्रिजमध्ये ‘३♣’ आणि ‘३♠’ या दोन बोलींमध्ये केवळ एका चिन्हाचा फरक असतो, आणि नवशिक्या वाचकाला ते चिन्ह चुकीचे मिळाले तर पुढचा सगळा डावच त्याला उमगत नाही. अनुभवी खेळाडू संदर्भावरून चूक ओळखेल. ज्याच्यासाठी ही पुस्तिका आहे तो ओळखू शकणार नाही.

७ जून २०२५

ब्रिजच्या वर्गात गेली अनेक वर्षे वाटली गेलेली टिपणे तपासली. तीन प्रकारच्या फाइली हाती आल्या आहेत. पहिल्या प्रकारात चिन्हांच्या जागी छोटी चित्रे चिकटवलेली आहेत. ती ओळीत नीट बसत नाहीत, शोधता येत नाहीत, आणि मजकुराचा आकार वाढवला की तेवढीच लहान राहतात. ही सगळी काढून टाकायची, याबद्दल फार विचार करण्याची गरज नाही. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे अलीकडच्या टिपणांत, युनिकोडमधील (प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीतील) खरी चिन्हे आहेत. तिसरा प्रकार सर्वांत मोठा आणि सर्वांत अवघड आहे: त्यातील मराठी मजकूर युनिकोडपूर्व काळातील मराठी फॉन्टमध्ये आहे आणि पत्त्यांची चिन्हे ‘सिम्बॉल’ नावाच्या फॉन्टमध्ये आहेत.

सिम्बॉल फॉन्टची रचना समजून घेतल्याशिवाय या फाइलींना हात लावण्यात अर्थ नाही, म्हणून येथे ती नोंदवतो. या फॉन्टमध्ये १६७ व्या जागी किलवर, १६८ व्या जागी चौकट, १६९ व्या जागी बदाम आणि १७० व्या जागी इस्पिक बसवलेले आहे. हा क्रम योगायोगाने ब्रिजमधील चढत्या क्रमाशी तंतोतंत जुळतो. परंतु नेहमीच्या रोमन फॉन्टमध्ये त्याच जागांवर अनुक्रमे §, ¨, © आणि ª ही चिन्हे असतात. त्यामुळे फाइलमधून फॉन्टची माहिती गळून पडली, किंवा मजकूर साध्या टेक्स्ट स्वरूपात उतरवला गेला, की बदामच्या जागी © उभे राहते आणि इस्पिकच्या जागी ª. ब्रिजच्या जुन्या लिखाणात मध्येच ‘4©’ असे काही दिसले तर लेखकाला ‘४♥’ म्हणायचे होते, हे त्यावरून ओळखता येते.

युनिकोडपूर्व मराठी फॉन्टचेही दुखणे नेमके हेच होते. फाइलमध्ये साठवलेली असायची ती रोमन अक्षरे, आणि त्यांच्यावर देवनागरीचे रूप चढवण्याचे काम फॉन्ट करायचा. फॉन्ट नसेल तर मजकूरच नाही. मराठी अक्षरांची ही अडचण आपल्याकडे सर्वांनी सोसली आणि आता बहुतेकांनी मागे टाकली. पत्त्यांच्या चिन्हांच्या बाबतीत मात्र तीच पद्धत अजून चालू ठेवली जाते, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

११ जून २०२५

जुन्या फाइलींचे रूपांतर कोणत्या क्रमाने करायचे, हा आजचा मुख्य प्रश्न होता, आणि या संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय कदाचित हाच ठरेल.

मराठी मजकूर युनिकोडमध्ये नेणारी रूपांतरके केवळ अक्षरांचे क्रमांक पाहतात. त्या अक्षराला कोणता फॉन्ट लावला आहे, याच्याशी त्यांना काही देणेघेणे नसते. आता १६७ ते १७० या जागा जुन्या मराठी फॉन्टांनीही मात्रा, अर्धी अक्षरे किंवा जोडाक्षरे यांच्यासाठी वापरलेल्या असतात. परिणामी संपूर्ण मजकूर थेट रूपांतरकात टाकला तर बदामचे चिन्ह एखाद्या अर्ध्या अक्षरात बदलते आणि शेजारच्या अंकाला किंवा अक्षराला जाऊन चिकटते. एकदा असे झाले की मूळ चिन्ह कोठे होते हे यंत्राला सांगता येत नाही, कारण तेच अर्धे अक्षर मजकुरात इतरत्र खरोखरीच आलेले असते.

यावर उपाय असा की आधी चिन्हे सोडवायची आणि नंतर मराठी. सिम्बॉल फॉन्टमधील प्रत्येक चिन्ह शोधून त्याच्या जागी युनिकोडचे ♠, ♥, ♦ किंवा ♣ बसवायचे, आणि त्यानंतरच मजकूर रूपांतरकाकडे द्यायचा. युनिकोडमधील ही चिन्हे २६६० पासूनच्या षोडशमान (हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पटीत मोजलेल्या) क्रमांकांवर, म्हणजे जुन्या फॉन्टांच्या २५६ जागांच्या पुष्कळ पलीकडे आहेत. त्यामुळे रूपांतरक त्यांना न शिवता तसेच पुढे जाऊ देतो. दोन टिपणांवर हा क्रम वापरून पाहिला आणि दोन्ही स्वच्छ उतरली.

सिम्बॉलमधील चिन्हे शोधण्यात मात्र एक गुंतागुंत आहे. ज्या ठिकाणी टंकलेखकाने अक्षर टाइप करून त्याला सिम्बॉल फॉन्ट लावला होता, तेथे फॉन्टनुसार शोध घेऊन काम भागते. पण जेथे ‘इन्सर्ट’ मेनूतील चिन्हांच्या चौकटीतून चिन्ह घातले गेले, तेथे वर्ड ते वेगळ्या, संरक्षित प्रकारे साठवते, आणि फॉन्टच्या खिडकीत त्याचा खरा फॉन्ट न दिसता आजूबाजूच्या मजकुराचाच दिसतो. अशा वेळी फाइल डॉक्सएक्स स्वरूपात साठवावी, ती झिप फाइलप्रमाणे उघडावी आणि आतील ‘डॉक्युमेंट’ नावाची एक्सएमएल फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये पाहावी. तेथे प्रत्येक चिन्ह ‘सिम’ नावाच्या स्वतंत्र घटकात, फॉन्टच्या नावासह आणि क्रमांकासह नोंदलेले असते: किलवरसाठी एफ०ए७, चौकटसाठी एफ०ए८, बदामसाठी एफ०ए९ आणि इस्पिकसाठी एफ०एए. या चार प्रकारच्या घटकांच्या जागी युनिकोडची चिन्हे तेथेच, एका दमात बसवता येतात. काम थोडे तांत्रिक आहे, पण पाने चाळत एकेक चिन्ह हाताने बदलण्यापेक्षा कितीतरी खात्रीचे आहे.

१३ जून २०२५

जुन्या सर्व टिपणांचे रूपांतर पूर्ण झाले. चित्रे असलेल्या फाइलींतील चिन्हे पुन्हा टाइप करावी लागतील.

१८ जून २०२५

आता नवी प्रकरणे लिहिणाऱ्यांना चिन्ह टाइप करण्याची पद्धत सांगायची आहे. उपलब्ध असलेल्या सर्व वाटा तपासून पाहिल्या.

भरीव चिन्हांचे युनिकोड क्रमांक असे: ♠ २६६०, ♣ २६६३, ♥ २६६५, ♦ २६६६. मधले आणि नंतरचे क्रमांक पोकळ चिन्हांचे आहेत: ♡ २६६१, ♢ २६६२, ♤ २६६४, ♧ २६६७. वर्डमध्ये क्रमांक टाइप करून लगेच आल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबल्या की क्रमांकाचे चिन्ह होते. लिबरऑफिस रायटरमध्येही हीच जोडी चालते. क्रमांक मात्र रोमन लिपीतील, म्हणजे 1, 2, 3 अशा इंग्रजी अंकांतच द्यावा लागतो. कळफलक देवनागरी अंक उमटवत असेल आणि त्या अवस्थेत ‘२६६०’ लिहून आल्ट-एक्स दाबले, तर वर्ड त्याला षोडशमान संख्या मानत नाही; उलट शेवटच्या देवनागरी शून्याचाच स्वतःचा क्रमांक, ०९६६, त्याच्या जागी लिहून ठेवते. हे पाहून नवा माणूस गोंधळतो, म्हणून सूचनापत्रात ते स्पष्टपणे लिहिले आहे.

ब्रिजच्या लिखाणात याहून मोठी अडचण येते ती बोलीच्या अंकामुळे. बोलीत चिन्हाच्या लगेच आधी १ ते ७ पैकी एक अंक असतोच. इंग्रजीत लिहिणारा ‘3’ हा इंग्रजी अंक टाइप करून त्याला लागूनच क्रमांक लिहितो आणि आल्ट-एक्स दाबतो, तेव्हा वर्ड पाचही अंकांची मिळून एकच संख्या धरते आणि इस्पिकऐवजी भलतेच अक्षर किंवा रिकामी चौकट पुढे येते. ते टाळायला केवळ शेवटचे चार अंक निवडून मग कळा दाबाव्या लागतात, किंवा क्रमांकाआधी यू आणि अधिकचे चिन्ह लिहावे लागते. आपल्या पुस्तिकेत बोलीचे अंक देवनागरीत आहेत, आणि देवनागरी अंक षोडशमान संख्येत धरले जात नाहीत. त्यामुळे ‘३’ देवनागरीत आणि पुढचा क्रमांक इंग्रजी अंकांत असेल तर चिन्ह पहिल्याच प्रयत्नात बरोबर येते. मराठीतून ब्रिज लिहिणाऱ्याला मिळालेली ही एक खरी सोय आहे, आणि ती इतरांनाही कळावी असे मनापासून वाटते.

दुसरी वाट अंककळांची. कळफलकाच्या उजव्या बाजूच्या अंककळांवर आल्ट दाबून ३ दिले तर ♥, ४ दिले तर ♦, ५ दिले तर ♣ आणि ६ दिले तर ♠ उमटते. हे क्रमांक १९८१ च्या आयबीएम पीसीवरील अक्षरसंचातून आलेले आहेत. पडद्यावर न दिसणाऱ्या नियंत्रण-अक्षरांसाठी राखलेल्या पहिल्या बत्तीस जागांना तेथे छोटी चित्ररूपे दिली होती आणि पत्त्यांची चारही चिन्हे त्यांत होती. लक्षात ठेवायला ही वाट सर्वांत सोपी आहे, पण अनेक लॅपटॉपांवर स्वतंत्र अंककळा नसतात, आणि आपल्या लेखकांपैकी बहुतेकांकडे लॅपटॉपच आहेत.

लिनक्सवरच्या सहकाऱ्यांसाठी कंट्रोल, शिफ्ट आणि यू एकत्र दाबून मग क्रमांक देण्याची सोय बहुतेक ठिकाणी चालते. वेळ पडल्यास चिन्ह दुसरीकडून उचलून चिकटवायलाही हरकत नाही. फक्त ते कोठून उचलले, हे पाहावे.

२१ जून २०२५

टाइप करण्याच्या या सगळ्या पद्धती अधूनमधून येणाऱ्या चिन्हासाठी ठीक आहेत, पण ज्याला एका पानात तीस चिन्हे लिहायची आहेत त्याच्या हाताला त्या जड जातात. म्हणून ऑटोकरेक्टचा, म्हणजे टाइप केलेला संक्षेप आपोआप बदलून देणाऱ्या सोयीचा विचार केला. त्यात दोन अडथळे दिसले. पहिला असा की ऑटोकरेक्टची साधी यादी भाषेनुसार वेगळी असते, म्हणजे इंग्रजीच्या यादीत घातलेला संक्षेप मराठी म्हणून नोंदलेल्या मजकुरात चालेलच असे नाही. दुसरा असा की संक्षेप स्वतंत्र शब्द म्हणून आला तरच तो बदलला जातो. अंकाला चिकटून लिहिला तर नाही. मग एका चिन्हासाठी एक संक्षेप पुरत नाही, तर ‘१♣’पासून ‘७♠’पर्यंतच्या अठ्ठावीस बोलींसाठी अठ्ठावीस संक्षेप प्रत्येक लेखकाच्या संगणकावर बसवावे लागतात. हा मार्ग सोडून दिला.

त्याऐवजी ब्रिज खेळणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेली एक पद्धत घेतली. ब्रिज बेस ऑनलाइन या ब्रिज खेळण्याच्या संकेतस्थळावर गप्पा मारताना उद्गारचिन्हापुढे चिन्हाचे इंग्रजी आद्याक्षर लिहिले की त्याचे चिन्ह होते, आणि खेळाडू पत्रव्यवहारातही तसेच लिहितात. आपल्या लेखकांनी त्याच धर्तीवर ‘!इ’, ‘!ब’, ‘!च’, ‘!क’ असे लिहायचे. मराठी वाक्यात उद्गारचिन्हानंतर नेहमी मोकळी जागा येते, त्यामुळे या चार खुणा साध्या मजकुरात चुकूनही उद्भवत नाहीत. ‘३!इ’ हे वाचायलाही कळते. फाइल कोणत्याही संगणकावर, फोनवर किंवा ईमेलमध्ये उघडली तरी बिघडण्यासारखे त्यात काही नाही. सर्व प्रकरणे एकत्र आल्यावर ‘शोधा आणि बदला’ चार वेळा चालवायचे, आणि बदलताना प्रत्येक चिन्हाला त्याची कॅरेक्टर स्टाइलही लावायची.

या स्टाइलचे महत्त्व लेखकांना पटवून देणे आवश्यक वाटते. बदाम आणि चौकट यांना हाताने लाल रंग देणारा माणूस कधीतरी एखादे चिन्ह विसरतोच, आणि नंतर रंगाची छटा बदलायची ठरली तर शंभर पाने पुन्हा चाळावी लागतात. ‘चिन्ह-लाल’ आणि ‘चिन्ह-काळे’ अशा दोन स्टाइल केल्या आहेत. रंग, फॉन्ट, आकार हे सगळे त्यांतच ठरते आणि एका ठिकाणी बदलले की सर्वत्र बदलते. चार चिन्हांना चार रंग देण्याचाही प्रघात आहे. बोली लावण्याच्या कार्डांवर चौकट नारिंगी आणि किलवर हिरव्या रंगात पुष्कळदा पाहायला मिळते. परंतु मराठी घरात बदाम सात आणि मेंढीकोट खेळत वाढलेल्या वाचकाला लाल आणि काळ्याचीच सवय आहे, आणि शिकण्याच्या पहिल्या पायरीवर त्या सवयीचा आधार काढून घेऊ नये असे माझे मत आहे. ते मान्य झाले.

२६ जून २०२५

फॉन्टचे काम अपेक्षेपेक्षा लांबले. देवनागरीचे जे फॉन्ट आपण मजकुरासाठी तपासले, त्यांत पत्त्यांची चिन्हे नव्हती. चिन्ह नसले की वर्ड आपणहून दुसऱ्या फॉन्टमधून ते आणते, आणि ते कोणत्या फॉन्टमधून येईल हे त्या त्या संगणकावर अवलंबून असते. एकाच प्रकरणात, दोन वेगळ्या संगणकांवर लिहिल्यामुळे, एका पानावर बारीक इस्पिक आणि पुढच्या पानावर जाडजूड इस्पिक, असे दिसत होते. काही पर्यायी फॉन्टांची उंची इतकी जास्त असते की चिन्ह असलेली ओळ शेजारच्या ओळींपासून दूर सरकते आणि परिच्छेद फाटल्यासारखा दिसतो.

म्हणून चिन्हांचा फॉन्ट स्टाइलमध्येच पक्का करणे अपरिहार्य आहे. एरियल आणि टाइम्स न्यू रोमन यांत चारही भरीव चिन्हे आहेत, कारण विंडोजच्या ६५२ अक्षरांच्या जुन्या प्रमाण संचात, म्हणजे डब्ल्यूजीएल४ मध्ये, त्यांचा समावेश होता. पोकळ चिन्हे मात्र त्या संचात नव्हती. आपल्याला छपाईसाठी पोकळ चिन्हांचीही गरज पडेल असे दिसते, म्हणून आठही चिन्हे एकाच घडणीत देणारा डेजावू सान्स हा फॉन्ट निवडला. तो मुक्त परवान्याचा आहे आणि लिनक्सवर बहुधा आधीच असतो, त्यामुळे सहकाऱ्यांचाही प्रश्न सुटला. फाइल साठवताना फॉन्ट फाइलमध्येच समाविष्ट करण्याचा पर्यायही चालू केला आहे.

आकाराबाबत एक गोष्ट मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घ्यावी अशी आहे. वर्ड प्रत्येक मजकुरासाठी दोन आकार सांभाळते: एक रोमन लिपीसाठी आणि एक ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ या गटासाठी, ज्यात देवनागरी येते. पत्त्यांचे चिन्ह या गटात मोडत नाही. त्यामुळे मराठी मजकूर १४ पॉइंटांत असूनही चिन्हे ११ पॉइंटांत राहिलेली दिसतात, आणि वरच्या पट्टीवरील आकडा पाहून त्याचे कारण लक्षात येत नाही. फॉन्टच्या तपशीलवार खिडकीत दोन्ही आकार वेगवेगळे दिसतात. स्टाइलमध्ये ते दोन्ही सारखे करून ठेवले. शिवाय देवनागरी अक्षर शिरोरेषेवरून खाली लोंबते आणि चिन्ह रोमन अक्षराप्रमाणे तळरेषेवर उभे राहते, म्हणून दोघांची उंची डोळ्यांना सारखी वाटेपर्यंत चिन्हाचा आकार थोडा कमी-जास्त करून पाहावा लागला. ओळींमधील अंतर ‘एक्झॅक्टली’ या पर्यायाने २१ पॉइंटांवर बांधले. याहून कमी केल्यास रफार आणि अनुस्वार एकत्र आलेल्या अक्षरांचे वरचे टोक कापले जाते.

३ जुलै २०२५

मुद्रकांकडून नमुना पाने आली. आतील पाने एकरंगी छापायची आहेत, कारण दुरंगी छपाईने पुस्तिकेची किंमत वाढते आणि ती वर्गातील सर्वांना परवडली पाहिजे, यावर कोणाचेच दुमत नाही. परंतु पडद्यावरचा लाल रंग एकरंगी छपाईत राखाडी ठिपक्यांचा होतो, आणि बदाम व चौकट फिकट, धूसर दिसतात. सगळी चिन्हे काळी ठेवली तर दुसरी अडचण येते: लहान आकारात भरीव ♠ आणि ♥ यांच्या आकृती एकमेकांच्या उलट असल्या तरी कमी दिसणाऱ्या डोळ्यांना त्या पटकन वेगळ्या ओळखू येत नाहीत. वर्गातील काहींनी नमुना पान चष्म्यासह पाहूनही चिन्ह ओळखायला क्षणभर थांबावे लागते असे सांगितले, आणि आकृती वाचताना असा थांबा प्रत्येक ओळीत घ्यावा लागला तर वाचक ती आकृती सोडून देतो.

एकरंगी छपाईत लाल चिन्हे पोकळ आणि काळी चिन्हे भरीव दाखवण्याची जुनी रीत आहे, आणि ती येथे अगदी योग्य ठरते: ♠ ♡ ♢ ♣. रंग न वापरता लाल-काळ्याचा भेद टिकतो. मात्र मूळ फाइलमध्ये ♡ आणि ♢ घालायला मी विरोध केला. युनिकोडच्या दृष्टीने ♥ आणि ♡ ही दोन भिन्न अक्षरे आहेत; दोन्ही मिसळली गेली तर बदाम शोधताना दोनदा शोधावे लागेल, आणि एखादी बोली निसटेल. मूळ फाइलमध्ये चारही चिन्हे भरीव आणि छपाईसाठी काढलेल्या प्रतीत शेवटच्या क्षणी ♥ ऐवजी ♡ व ♦ ऐवजी ♢, असे ठरले. ती प्रत छपाईनंतर दुरुस्तीसाठी कोणी वापरायची नाही. दुरुस्त्या नेहमी मूळ फाइलमध्येच करायच्या.

९ जुलै २०२५

हातांच्या आकृत्या आज बसवल्या. तीन ओळी आणि तीन स्तंभांचे, रेषा नसलेले कोष्टक केले. वर उत्तर, खाली दक्षिण, डावीकडे पश्चिम, उजवीकडे पूर्व, आणि मधल्या घरात दिशांची चौकट. स्पेस दाबत दाबत जागा सोडून केलेल्या जुन्या आकृत्या फॉन्ट बदलताच वाकड्या झाल्या होत्या. कोष्टकात तसे होत नाही.

प्रत्येक हाताच्या चार ओळी ♠, ♥, ♦, ♣ या क्रमाने येतात. एक्का, राजा, राणी, गुलाम या पानांसाठी ए, रा, णी, गु ही अक्षरे ठेवली. राजा आणि राणी यांचे आद्याक्षर एकच असल्यामुळे राणीसाठी ‘णी’ घेणे भाग पडले. चारही अक्षरे एकाच अक्षराएवढी जागा घेतात, त्यामुळे ओळी एकाखाली एक नीट लागतात. उदाहरणार्थ दक्षिणेचा एक हात असा दिसतो:

♠ ए रा १० ७ ४
♥ णी ६ ३
♦ रा गु ५
♣ ९ २

चिन्ह आणि पहिले पान यांच्यामध्ये साधी मोकळी जागा ठेवली तर परिच्छेदातील मजकुरात ओळ नेमकी तेथेच तुटण्याची शक्यता असते: चिन्ह एका ओळीच्या शेवटी आणि पाने पुढच्या ओळीत. म्हणून तेथे न तुटणारी मोकळी जागा घालायची, जी वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस या कळांनी मिळते. एखाद्या प्रकारचे एकही पान हातात नसेल तर चिन्हापुढे आडवी रेघ द्यायची. ती जागा रिकामी ठेवली की वाचकाला छपाईत काही राहून गेले असे वाटते.

पत्त्याचे संपूर्ण चित्र असलेली अक्षरेही युनिकोडमध्ये २०१० पासून आहेत, आणि ती वापरावीत अशी एक सूचना आली होती. फार थोड्या फॉन्टांत ती असतात आणि मजकुराच्या आकारात त्यांच्यावरील खुणा वाचता येत नाहीत, म्हणून ती घेतली नाहीत.

१५ जुलै २०२५

फोनसाठीच्या प्रतीत नवा प्रश्न उभा राहिला. ♠ ♥ ♦ ♣ ही चारही अक्षरे इमोजी म्हणूनही दाखवता येतात, आणि कित्येक फोन तसेच करतात. मग चिन्ह मोठे, चकचकीत, स्वतःच्याच रंगात येते. स्टाइलमध्ये दिलेला रंग त्याला लागू होत नाही आणि बोलीचा तक्ता विस्कटतो. युनिकोडने यासाठी दोन अदृश्य अक्षरे ठेवली आहेत. चिन्हानंतर एफई०ई हे अक्षर दिले तर ते साध्या मजकुराच्या रूपात दाखवावे अशी विनंती होते, आणि एफई०एफ दिले तर इमोजीच्या रूपात. फोनसाठीच्या प्रतीत प्रत्येक चिन्हामागे एफई०ई घातले. मूळ फाइलमध्ये ते घातले नाही.

लेखकांनी फोनवरून पाठवलेला मजकूरही याच कारणासाठी बारकाईने तपासावा लागतो. फोनच्या कळफलकावर सहज सापडणारे लाल हृदय हे बदाम नव्हे. त्याचा क्रमांक २७६४ आहे, बदामचा २६६५. पडद्यावर दोन्ही सारखी दिसली तरी शोधात ती एकमेकांना सापडत नाहीत. चौकटच्या जागी ◆ हा भूमितीतील भरीव चौकोन आलेलाही आढळला. दोन प्रकरणांतून अशी सर्व चिन्हे काढून योग्य चिन्हे बसवली, आणि लेखकांना पुन्हा कळवले की फोनवरून लिहिताना ‘!ब’ आणि ‘!च’ हेच लिहावे.

२२ जुलै २०२५

पीडीएफ तयार करून तपासली. फॉन्ट समाविष्ट झाले आहेत. पीडीएफमध्ये ♠ शोधल्यावर सर्व ठिकाणे सापडतात, आणि एक तक्ता उचलून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये चिकटवला असता चारही चिन्हे जशीच्या तशी उतरली. ज्या वाचकांना दिसत नाही किंवा फारच कमी दिसते, त्यांचे संगणक मजकूर वाचून दाखवतात. चिन्ह हे चित्र नसून अक्षर असेल तरच त्या वाचनात ते येण्याची शक्यता असते. ब्रेल खुणा असलेले पत्ते वापरून दृष्टिहीन खेळाडू उत्तम ब्रिज खेळतात, आणि मराठीतील ही पुस्तिका त्यांच्यासाठीही आहे. त्यांच्या प्रतीत चिन्हांच्या जागी ‘इस्पिक’, ‘बदाम’, ‘चौकट’, ‘किलवर’ असे पूर्ण शब्द देण्याचे मी सुचवले आहे. मूळ फाइलमध्ये चिन्हे एकसारखी असल्यामुळे त्याला चारच बदल लागतील.

३० जुलै २०२५

छपाईपूर्वीची शेवटची तपासणी केली. मूळ फाइलमध्ये प्रथम ‘!इ’, ‘!ब’, ‘!च’, ‘!क’ यांपैकी एकही खूण शिल्लक नाही ना, हे पाहिले. नंतर §, ¨, © आणि ª शोधले. नंतर २७६४ क्रमांकाचे हृदय आणि ◆ शोधले. कोठेही काही सापडले नाही. त्यानंतर आकृत्या घेतल्या. चारही हात दाखवणाऱ्या प्रत्येक आकृतीत प्रत्येक चिन्ह नेमके चार वेळा आले पाहिजे, प्रत्येक हातात तेरा पाने असली पाहिजेत, आणि प्रत्येक चिन्हापुढची चारही हातांतील पाने मिळून पुन्हा तेराच भरली पाहिजेत. ही मोजणी दोघांनी स्वतंत्रपणे केली. सातव्या प्रकरणातील एका आकृतीत चौकटची पाने बारा भरत होती. जुन्या टिपणात चित्ररूपाने असलेली चौकटची नव्वी तेथे पुन्हा टाइप व्हायची राहिली होती, ती घातली.

छपाईची प्रत पोकळ चिन्हांसह मुद्रकांकडे पाठवली. वर्डचा टेम्पलेट, दोन्ही स्टाइल आणि चार खुणांचे सूचनापत्र यांची एक प्रत वर्गाच्या संगणकावर ठेवली असून, सराव-डावांच्या पुढील संचासाठी लेखकांनी तोच टेम्पलेट वापरायचा आहे. दृष्टिहीन वाचकांच्या प्रतीचे काम ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुरू करायचे ठरले आहे.